तिच्या वाटचं इंग्रजी

रिटायर झाल्यावर माणसाने देवाधर्माला लागावं, तर मी इथे अमेरिकेत, आमच्या कॅरी गावच्या लायब्ररीत इंग्रजी भाषेच्या इतिहासाचा वर्ग लावला. आपलं इंग्रजी फर्डं आहे, हा माझा जुना माज. बायकोलाही ओढून नेलं. तिचं इंग्रजी तोडकंमोडकं, आणि खरं सांगायचं तर चारचौघांत तिने तोंड उघडलं की मलाच ओशाळल्यासारखं होतं. म्हणून तिला कुणी काही विचारलं की उत्तर मी देतो. दुकानात, पार्टीत, फोनवरसुद्धा. याला मी आजवर मदत म्हणत आलो.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, हसऱ्या. त्या दिवशी त्या सांगत होत्या, की फ्रान्सकडून आलेल्या सरदारांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. इंग्रजी उरली ती शेतात, गोठ्यात नि चुलीपाशी. मेंढरं राखणाऱ्याची ती शीप. तीच शिजून सरदाराच्या ताटात पडली की मटण. म्हणजे आपलं मटण मुळात फ्रेंच! कित्येक पिढ्या बड्या घरांत इंग्रजी बोलणं कमीपणाचं होतं. तरी ती टिकली, कारण साधी माणसं ती बोलत राहिली. पुढे तिनेच फ्रेंच शब्द खुशाल पोटात घातले आणि पार बदलून गेली.

मी मान डोलावत होतो. काय शिष्ट लोक असतील, असंही मनात आलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हे असं.

मग बाई माझ्या बायकोकडे वळल्या. "तुमच्या भाषेत असं काही आहे का?"

ती सावरून बसली. तिचे ओठ हलले, तेवढ्यात मी सुरू झालो. "ॲक्च्युअली, इन मराठी..." संस्कृत झालं, फारसी झालं, पोर्तुगीजही झालं. बाईंनी मला पुरतं बोलू दिलं आणि मग अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "थँक यू. पण मी यांना विचारलं होतं."

बायकोने बाईंकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि हळूच मराठीत विचारलं, "अहो, बोलू का मी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे मराठी कुणालाच येत नव्हतं, पण बायको नवऱ्याची परवानगी मागतेय हे सगळ्यांना कळलं.

ती बोलली. "माय मदर, नो मटण. माय मदर, सागुती. मटण, स्कूल वर्ड." मग कोल्हापूरकडच्या तिच्या माहेरी सागुती कशी शिजायची, मसाला पाट्यावर कसा वाटायचा, हे तिने निम्मं शब्दांनी आणि निम्मं हातांनी सांगितलं. तिची वाक्यं लंगडत होती, पण ऐकणारं कुणी अडलं नाही. शेजारच्या आजींनी खोबरं भाजायचं की नाही ते विचारलं, तिने तेही सांगितलं. एवढी वर्षं संसार केला, पण 'सागुती' हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. माझ्या पुणेरी घरात तिने तो कशाला काढला असता?

पार्किंगमध्ये कमरेवर हात ठेवून ती सावकाश गाडीत बसली. मी म्हणालो, "चुकलं माझं. यापुढे तुझं तूच बोलत जा."

ती हसून सोडून देईल असं वाटलं होतं. तिने सीटचा पट्टा लावला आणि म्हणाली, "मग बुधवारी डॉक्टरांशी मी बोलते. तुम्ही त्यांना दर वेळी नुसतं 'नी पेन' सांगता. माझी कळ कमरेतून निघते, मग गुडघ्यात उतरते."

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं की घरी. डॉक्टरांकडे तुम्ही थोडक्यात सांगितलंत."

वर्षभर मी रोज तिच्या गुडघ्याला बर्फ लावतोय, आणि ती मुकाट्याने लावून घेतेय.