आठ ॐ

उदगीरच्या माझ्या आत्तेबहिणीवर मी जितकी जळले, तितकी आयुष्यात कुणावरच जळले नाही. अक्का दहावी नापास, आणि लाउडस्पीकर भाड्याने देण्याचं वडिलांचं दुकान एकटी चालवायची. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. ‘ओहम’चा उच्चार मला बरोबर येई. अक्का ‘ओम’ म्हणायची आणि विजेला होणाऱ्या अडसराचा तो आकडा स्पीकरच्या प्रत्येक खोक्यावर पांढऱ्या रंगाने ठळक लिहायची : ‘८ ॐ’. लग्नघरातल्या म्हाताऱ्या येता-जाता त्या खोक्यांना हात जोडत. मी चूक दाखवली, तर म्हणाली, “राहू दे की. हात जोडायच्या वस्तूला कुणी पाय लावत न्हाई.” दुष्काळाच्या दिवसांत पाण्याचा टँकर आला की गल्ली घागरी घेऊन धावायची आणि ही पेचकस घेऊन, कारण टँकरवरचा भोंगा चिरकत असे. तिच्या घागरी ड्रायव्हर स्वतः भरून द्यायचा. मी सुट्टीत तिथे असले की रांगेत उभी राहून ते बघत राहायची.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्या आनंदात आमच्याकडे मैदानावर कार्यक्रम ठरला आणि मला गिटार वाजवायला बोलावलं. चार माणसांत तोंड न उघडणाऱ्या मला लोक ऐकणार होते, ते पहिल्यांदाच. अक्का टेम्पोतून दोन स्पीकर घेऊन आली. ते मी माझ्या अँप्लिफायरला स्वतःच जोडले, तिला हात लावू दिला नाही. दुपारच्या तालमीत दहा मिनिटांत जळका वास सुटला. अक्काने बटण बंद केलं आणि तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात मशीनवर ठेवला.

“काय गं कॉन्व्हेंट, दोन्ही शेजारी शेजारी जोडलीस?”

“याला कमीत कमी आठ लागतात. आठ आणि आठ सोळा झाले ना?”

“एकामागं एक जोडल्यावर सोळा. असं जोडल्यावर चारच. लई वढून राहिलं ते बिचारं.”

सूत्र मला पाठ होतं. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळाले होते. तिने एक तार सोडवून दुसऱ्या खोक्याला नेली. “आवाज जरा बारीक येईल, पण मशीन जगंल.”

संध्याकाळी मी वाजवलं आणि लोकांनी शांतपणे ऐकलं. खाली उतरल्यावर बाबांनी पाहुण्यांसमोर विचारलं, “मशीन बिघडलं होतं म्हणे. कुणी नीट केलं?”

“मी,” माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्का शेजारीच तारा गुंडाळत होती. बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

“हाव मामा,” ती म्हणाली, “तिनंच केलं. शिकलेली हाय ती.”

बाबांनी कौतुकाने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हाही मी जळतच होते. इतकं सहज देऊन टाकणं मला जमलं नसतं. पुढे बाबा वारले, त्यांना खरं सांगायचं राहिलं. अक्काजवळ विषय काढला की म्हणते, “मला न्हाई बाई आठवत.” तिला आठवतं, हे मला माहीत आहे.