इनामदार मॅडमची भीती

भट्टीत हायड्रोजन सोडण्याआधी इनामदार मॅडम नळीच्या प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायला लावत आणि गळतीचा बुडबुडा येतो का, ते स्वतः नाक जवळ नेऊन बघत. फरीदाबादच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा त्या अशाच वाकलेल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाकी विज्ञान नंतर. आधी भ्यायला शीक."

आम्ही क्वार्ट्झच्या चकतीवर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वाढवत होतो. सगळ्या एकाच दिशेने उगवल्या, तरच त्यांचे चांगले ट्रान्झिस्टर होतात. "मेट्रोत माणसांना रांग जमत नाही आणि आपण कार्बनला शिस्त लावायला निघालोय!" मूळच्या पुण्याच्या बाई, तीस वर्षं दिल्लीच्या मयूर विहारमध्ये काढूनही टोमणा शुद्ध मराठीतच मारत.

मी मुळात भित्री. पण भीतीचीही सवय होते. एका सकाळी मॅडमनी एक जोड नव्याने आवळला आणि त्या मीटिंगला गेल्या. जाताना साबण लावायला मला बजावलं. कालच तर तपासलंय, म्हणून मी टाळलं आणि तसाच हायड्रोजन सोडला.

दुपारी वीज गेली. हवा बाहेर खेचणारा एक्झॉस्ट थांबला आणि बॅटरीवरचा गॅसचा अलार्म किंचाळू लागला. भट्टी लालबुंद, खोलीत हायड्रोजन! मी भट्टीकडे बघत तिथेच उभी राहिले. मॅडम धावत आल्या, "चलो, बाहेर!" म्हणत मला ढकललं आणि स्वतः सिलिंडर बंद करायला आत शिरल्या. काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. आता उडणार, आता उडणार, एवढंच डोक्यात होतं.

बाहेर येताच त्यांनी मला विचारलं, "जोडांना साबण लावला होतास ना गं?"

"हो, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि मान हलवली. "मग मीच नीट आवळला नसणार."

त्यानंतर त्यांनी भट्टीला हात लावला नाही. खरं सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले आणि नोकरी जाईल या भीतीने परत फिरले. दोन महिन्यांत त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली.

निरोपाच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी भट्टीच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. "माझे हात आता भरवशाचे नाहीत. ही पक्की घाबरट आहे, म्हणून हिच्यावर सोडून जातेय."

टाळ्या वाजल्या. मी वाकून नमस्कार केला आणि किल्ली घेतली.