चिंचेने घासलेली फ्रेम

माझ्या मुलाची सायकल मी चिंचेने घासली. दहावा होता, घर धुवून निघत होतं, आणि ती गॅलरीत मातीने बरबटून उभी होती. उभी कसली, मागचं चाक धरणारा एक हात तुटल्यामुळे भिंतीला टेकून बसली होती. चेण्याच्या रानातल्या उतारावरून मुलगा तिच्यासकट खाली आला आणि तिच्याशिवाय हॉस्पिटलात गेला. तिला मागाहून कुणीतरी टेंपोत घालून आणून दिलं. गेलेल्या माणसाच्या वस्तूवर माती राहू नये, असं मला वाटलं. कुणी तसं सांगितलं होतं असं नाही. रडण्यापेक्षा घासणं मला जास्त जमतं, एवढंच. अ‍ॅल्युमिनियम आहे म्हटल्यावर हात आपोआप चिंचेच्या बरणीकडे गेला. कुकर काळा पडला की आपण दुसरं काय करतो? तुटलेल्या जागेच्या आतलं काळंसुद्धा मी जुन्या टूथब्रशने काढलं. चांदीसारखं लख्ख झाल्यावर, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं.

सायकल सुनेने दिलेली. मुलाला शुगर निघाली, पोट सुटलं, डॉक्टर म्हणाले हालचाल करा. तिने त्याच्या वाढदिवसाला कुणा अनोळखी माणसाकडून ही सेकंडहँड घेतली. डोंगरात चालवायची सायकल. मागचं चाक दोन हातांवर वेगळं लटकवलेलं, मध्ये स्प्रिंगसारखा एक दट्ट्या, म्हणजे दगडावरून गेलं तरी चाक उडतं आणि माणूस जागच्या जागी. मी म्हटलं होतं, "झूल तर भारी आणलीस, आता आत घालायला घोडा आण." मुलगा खूप हसला होता. नंतर मात्र त्याने दर रविवारी चेण्याच्या रानात जाऊन खरंच स्वतःचा घोडा करून घेतला. पोट उतरलं. लग्नातली पँट बसली म्हणून आम्हाला घालून दाखवली.

तो गेल्यावर सून बोलायची, ऑफिसला जायची, पुण्याला शिकणाऱ्या नातीशी फोनवर हसायचीही. फक्त झोपायची नाही. वर्षश्राद्ध झालं आणि एक दिवस मेथी निवडता निवडता म्हणाली, "आई, मला एकदा कळलं पाहिजे. आधी फ्रेम तुटली म्हणून ते पडले, की ते पडले म्हणून फ्रेम तुटली?"

"कळून काय करणारेस?"

"झोपणारे."

यावर माझ्याकडे एकही विनोद नव्हता. माझ्या बाबतीत हे दुर्मिळ आहे.

मग तिने मुलाच्या रविवारच्या सोबत्याला बोलावलं. हा बँकेत नोकरीला, पण जीव सायकलीत. जुनी फ्रेम घ्यायच्या आधी लोक त्याला नेऊन दाखवतात. त्या रविवारी तापाने पडला होता, म्हणून मुलगा एकटा गेला. दारात चपला काढताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून त्यावर सायकल ठेवली. तो अंगठ्याने नळ्या चाचपत गेला. रंगाला कुठे सुरकुती पडलीय का, पाहिलं. पुढून मागे दोरी ताणून फ्रेम सरळ आहे का, पाहिलं. दट्ट्याचा बोल्ट कुठल्या बाजूने निघतो हे शोधायला त्याला वेळ लागला. दोनदा उलटा फिरवला. मी सोफ्यावर बसून बघत होते आणि मला माझीच आठवण येत होती.

कारण तपासणी हे माझं तरुणपणीचं खास काम. नारळ कानाशी हलवून, माठ टिचक्या मारून, कलिंगड थोपटून. बाजारात मी टिचकी मारली की दुकानदार गप्प व्हायचे, असा माझा समज. खरं तर ते कंटाळलेले असायचे. आणि हीच सून बघायला गेलो तेव्हा मी तिला वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावलं होतं, आवाज तपासायला! परत येताना रिक्षात निकाल दिला, "मुलगी बरी आहे, पण घशात काहीतरी फुटकं आहे." मुलगा म्हणाला, "आई, तिला सर्दी झालीय." एवढी हुशार बाई मी. दुधीच्या देठाला नख लावून बघावं तशी माणसं बघत फिरायचे, आणि माझ्याच नवऱ्याला मात्र नुसत्या केसांवर पसंत केलं. ते केस पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकले नाहीत.

तुटलेल्या हाताशी आल्यावर तो थांबला. टॉर्च लावून तुटलेला भाग बराच वेळ फिरवून पाहिला. मग वास घेतला.

"काकू, याला काय लावलं होतं?"

"चिंच."

त्याने टॉर्च बंद केला. सून म्हणाली, "का? काय झालं?"

"वहिनी, धातूला आधीपासून चीर असेल ना, तर त्या जागेत मळ बसतो, ती काळी पडते. एकदम तुटला तर ती जागा चकचकीत राहते. त्यावरून कळतं." त्याने ते टोक खाली ठेवलं. "हे सगळंच चकचकीत आहे."

सुनेने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मी काहीतरी परतवलं असतं. तिने आमच्या कुकरकडे बघावं तसं पाहिलं.

"म्हणजे आता कधीच नाही कळणार," ती म्हणाली.

"एक मिनिट. दुसरा हात आहे ना," तो म्हणाला. "डावा. तो शाबूत आहे. दोघं सारखेच राबतात. उजवा थकला असेल तर डावाही थकला असणार." त्याने डावा हात सोडवला. "घरात मशीनचं तेल आहे? आणि पावडर, अंगाला लावायची?"

शिलाई मशीनचं तेल माझ्याकडे असतंच. त्याने ते सांध्याजवळ लावलं, आत मुरू दिलं, मग कापडाने कोरडं पुसलं आणि वरून पावडर भुरभुरली. चीर असेल तर आत मुरलेलं तेल बाहेर येऊन पावडर भिजवतं, असं त्याने सांगितलं. आम्ही तिघं त्या एवढ्याशा नळीवर वाकून बसलो. घरभर पावडरचा वास, बाळाला न्हाऊ घातल्यावर येतो तसा. हा वास कुणाचा, ते मी मनात येऊ दिलं नाही.

पांढऱ्यावर एक रेघ उमटली. बारीक, ओलसर, केसाएवढी.

"पडण्यातली असेल ना ही?" सून म्हणाली. तिचा आवाज त्या दिवशी खरंच फुटका होता.

"पडून लागलं असतं तर नळी वाकली असती, वहिनी. ही सरळ आहे. ही हळूहळू गेलीय. खूप आधीपासून."

"म्हणजे मी घेतली तेव्हापासून."

पंखा फिरत होता आणि पावडर वर्तमानपत्रावर सरकत होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "वहिनी, तुम्ही सायकल दिलीत त्याच आठवड्यात त्याने ती माझ्याकडे आणली होती. चेक करायला. मी दट्ट्या काढून पाहिला, पण हा हात खोललाच नाही. वरवर पाहिलं आणि म्हटलं, एकदम मस्त आहे, बिनधास्त चालव. तुम्हाला यातलं काय कळणार होतं? मला कळत होतं."

सून उठली. एवढ्या वर्षांत तिला इतकं सरळ उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बाहेर जा," ती म्हणाली.

"वहिनी..."

"वर्षभर येताय जाताय. इथे बसून चहा पिताय. माझ्या मुलीला घड्याळ काय आणताय! आणि हे पोटात ठेवून? बाहेर व्हा आधी. परत या दारात दिसू नका!"

आमच्या मजल्यावरची दोन दारं उघडली आणि बंद झाली. तो पान्हे गोळा करायला लागला, तर तिने पिशवीच उचलून बाहेर ठेवली. मी त्याच्यामागे लिफ्टपर्यंत गेले. त्याला चार शब्द सुनावायचं मनात होतं, मला सुनावता छान येतं. पण तो लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता आणि त्याच्या बोटांना पावडर लागलेली होती.

"काय रे," मी विचारलं, "माझा मुलगा नवीन पेन घेतलं तरी ते कुणाला दाखवलं ते घरी येऊन सांगायचा. सायकल तुला तपासायला दिली, हे नाही कधी बोलला तो?"

"काकू, लिफ्ट आली," तो म्हणाला.

त्या रात्री सून झोपली. पडल्या पडल्या, दिवा न मालवता. मीच जाऊन मालवला. सकाळी ऑफिसला उशीर झाला तरी मी उठवलं नाही. उठली आणि ओट्याशी येऊन उभी राहिली. मला राहवेना. सांगायचं नाही असं रात्री ठरवलं होतं. माझं ठरवणं सकाळपर्यंतच टिकतं.

"तो खोटं बोलला असेल गं," मी म्हटलं. "तुझ्या डोक्यावरचं उतरवायला."

"माहीत आहे," ती म्हणाली. "त्यांनी आधी एकदा दट्ट्या काढला असता, तर त्याचा बोल्ट कुठल्या बाजूने निघतो ते शोधत बसावं लागलं असतं का?"

"मग हाकललंस कशाला बिचाऱ्याला?"

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "आई, वर्षभरात मी कुणावर ओरडले नव्हते. कुणी ओरडायला समोर उभंच राहिलं नव्हतं. ते राहिले."

"माझ्यावर ओरडायचंस. सायकल मी घासली. मी इथेच तर असते."

"तुमच्यावर?" ती म्हणाली. "तुम्ही हसवलं असतंत."

हे कौतुक म्हणून म्हणाली नव्हती. मी गॅस बारीक केला, उगाच. दूध कधीच तापून झालं होतं.

त्याला परत बोलवायला हवं, हे आम्हा दोघींनाही कळतं. अजून कुणी फोन उचललेला नाही. बोलावलं, तर तो खोटं बोलला हे मान्य करावं लागेल, आणि मग ती रेघ पुन्हा सुनेच्या नावावर येईल. त्यामुळे तो तिकडे आपल्या घरी दोषी होऊन बसलाय, आणि सून इकडे झोपतेय.