पाळण्यातल्या विहिणी

वसईहून सकाळी निघालो. मागच्या सीटवर माझी आई आणि माझ्या सासूबाई दोन खिडक्यांतून बाहेर बघत होत्या. आमच्या लग्नात वरमाईला पहिल्या पंगतीला कुणी बोलावलं नाही, म्हणून दोन वर्षं दोघींचं बोलणं बंद होतं. समुद्राची हवा लागली की बोलतील, असं माझ्या बायकोचं, मेधाचं, म्हणणं.

चिकूच्या वाड्या ओलांडून डहाणूच्या किनाऱ्यावर पोचलो. सुरूच्या झाडांमागे एक जुनाट बाग आहे. तिथे रंग उडालेले लाकडी घोडे आहेत आणि डिझेल इंजिनावर फिरणारा उंच पाळणा. तिकिटं देणाऱ्या बाईंनी आम्हाला नजरेनेच तोललं.

"वजन सारखं पाहिजे. दोन्ही बेन एका डब्यात, तुम्ही दोघं समोरच्या."

नाही म्हणायला आधी आपसांत बोलावं लागलं असतं. दोघी बसल्या आणि वर गेल्या. आम्ही खालच्या डब्यात बसलो तोच इंजिनाचा पट्टा तुटला.

मी उतरायला पाय काढला.

"साहेब, उतरू नका हां!" बाई ओरडल्या. "तुम्ही उतरले तर वरच्या बेन धाडकन खाली येतील!"

त्यांचा नवरा पट्टा आणायला मोटारसायकलवरून तलासरीला गेला. जमिनीपासून वीतभर उंचीवर आम्ही दोघं अडकून बसलो. बघायला जमलेल्यांपैकी एका आजोबांनी आम्हाला चिकू भरवले.

वरून आईचा आवाज आला, "दिनू, तुझ्या सासूबाईंना सांग, पाय जरा आवरा!"

मी ओरडून सांगितलं. दोघींचे गुडघे एकमेकींना टेकलेले होते.

"जावईबापू, तुमच्या आईंना सांगा, आवरायला जागा आहे का इथे?"

अर्धा तास मी असे निरोप पोचवले. मग भरतीचा वारा सुटला आणि वरचं काही ऐकू येईना. नुसते हातवारे दिसत होते. वर भांडण जुंपलं असं वाटून मेधा घाबरून उठली, पाळणा करकरला, तिकीटवाल्या बाईंनी किंकाळी फोडली. मेधा खाली बसली आणि माझा हात घट्ट धरून रडू लागली.

दोन तासांनी पट्टा आला, तो आखूड निघाला. शेवटी शेजारच्या धाकटी डहाणू गावातल्या आठ कोळ्यांनी दोर बांधून, "हळू, हळू" करत पाळणा फिरवला.

आई उतरली ती सासूबाईंचा हात धरूनच.

"दिन्या, पंगतीला मला बोलवायला यांनी तुलाच सांगितलं होतं?"

मी आठवून पाहिलं. फोटोवाला हाक मारत होता, एवढंच आठवलं.

"सांगितलं असेल," मी म्हणालो.

"असेल काय? चार वेळा सांगितलं!" सासूबाई म्हणाल्या.

ठरवलेलं काहीच बघून झालं नाही. परतीच्या वाटेवर महामार्गावरच्या टपरीत दोघींनी एका बशीतली भजी खाल्ली आणि वसई येईपर्यंत मला आलटून पालटून झापलं. त्या दोन वर्षांतल्या, दोन घरांत वेगवेगळ्या केलेल्या दोन्ही दिवाळ्या मला आठवत होत्या. मी मान खाली घालून ऐकत होतो, आणि खरं सांगायचं तर, ते संपू नये असं वाटत होतं.