शेकाची ऊब

लताबाई माझ्या सासूबाई. दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला त्यांनाच बोलावतात. हात हलका, जीभ मात्र तिखट. त्यांना उलट बोलायची कुणाची टाप नाही. माझी तर नाहीच, मला त्याच घरात राहायचंय.

त्या सकाळी त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून पाण्याच्या बादल्या उचलायला मी सोबत गेले. मागच्या गल्लीतल्या प्रमिलाबाईंची लेक नूतन पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ सव्वा महिन्याचं. अंघोळ झाली, शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा टाकून शेक झाला, आणि सासूबाईंनी बाळ दुपट्यात घट्ट गुंडाळून निजवलं. थोड्या वेळाने नूतन पाजायला बसली, तर ते तोंडच लावेना. कपाळ चांगलंच तापलेलं.

"हाई शेकनी ऊब शे," सासूबाई म्हणाल्या.

नूतनने थर्मामीटर आणलं.

"शेकेल आंगले काय मोजस?"

शेकलेलं बाळ गरम लागणारच, हे आम्ही सगळ्याच ऐकत आलोय. त्या उबेत खरा ताप लपला तर कळणार कुणाला? मला सासूबाईंचा राग आला आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना, याचा त्याहून जास्त आला.

नूतनने मात्र मुकाट्याने दुपटं सोडलं. शेगडी ओसरीवर ठेवायला लावली, बाळाला नुसत्या झबल्यावर ठेवलं आणि आम्ही वाट बघत बसलो. अंग निवेल असं मलाही वाटत होतं. निवलं नाही. काखेत लावलेल्या थर्मामीटरने एकशे एक दाखवलं. बाळ रडतही नव्हतं, नुसतं मलूल पडून होतं.

"घरात तापाचं औषध आहे, थेंबभर देऊ का?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"एवढ्याशा बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, आई. दवाखान्यात चल," नूतन म्हणाली.

प्रमिलाबाईंनी लेकीकडे पाहिलं नाही, सासूबाईंकडे पाहिलं. त्या हो म्हणाल्याशिवाय घरातलं कुणी हलणार नव्हतं.

सासूबाईंनी बाळाच्या पोटावर हात ठेवला, मग पाठीवर. त्यांचा चेहरा उतरला.

"मनं चुकनं," त्या म्हणाल्या. "हाऊ तापच शे. हितेंद्र, रिक्षा आण."

नूतनचा भाऊ धावत गेला. रिक्षात दोंडाईच्यापर्यंत नूतन बाळाला पुन्हापुन्हा छातीशी लावत होती, आणि ते मान वळवत होतं.

डॉक्टरांनी बाळ तपासलं. "तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला की वाट बघायची नसते. भरती करतो, रक्त तपासतो. शेक देऊन गुंडाळून कुणी ठेवलं होतं?"



"मी," सासूबाई म्हणाल्या.

त्यांना असं मान खाली घालून उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. आत नर्सने सुई टोचली आणि सकाळपासून गप्प असलेलं बाळ टाहो फोडून रडलं. नूतन दाराकडे झेपावली. सासूबाईंनी तिचा हात धरला.

"रडू दे त्याले," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच पदर तोंडाला लावून खाली बसल्या.