चोविसावा तुकडा

आमच्या जॉइंटरदादांइतका भित्रा माणूस पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी शपथेवर सांगेन. इंटरनेटची फायबर केबल ओढायची, भिंतीवर पेटी बसवायची आणि तिच्यात केसासारख्या काचेच्या तारा जोडायच्या, हे त्यांचं काम. मी त्यांचा सुपरवायझर. शिडी ते तीनदा हलवून मगच चढत. लोखंडी पेटीला आधी टेस्टर लावत आणि चहा पिऊन आले की पुन्हा लावत. ‘‘मघाशीच बघितलं ना, दादा?’’ म्हटलं की म्हणत, ‘‘ते मघाशीचं झालं, राव. आत्ताचं कोण बघणार?’’ ताथवड्याला एका सोसायटीचे चेअरमन लेसरचा प्रकाश वाहणाऱ्या चालू केबलच्या टोकात डोकावायला वाकले, तर दादांनी सगळ्यांसमोर मागून त्यांचे दोन्ही डोळे गच्च झाकले. चेअरमन किंचाळले, मी थिजलो. दादा शांतपणे म्हणाले, ‘‘दिसत न्हाई तोच उजेड डोळा खातो, साहेब. शिव्या मागनं द्या, आधी मागं सरा.’’

पण त्यांची खरी भीती तुकड्यांची. तार जोडण्याआधी तिचं टोक कापावं लागतं आणि ते कापलेलं टोक म्हणजे डोळ्याला न दिसणारी काचेची कुसळं. दादा प्रत्येक तुकडा काळ्या चिकटपट्टीवर टिपून घेत आणि शेवटी मोजत. बारा जोड, प्रत्येक जोडाची दोन टोकं, चोवीस तुकडे. हिशेब जुळेपर्यंत खोलीत कुणी वडापाव उघडायचा नाही, कुणी बाहेर जायचं नाही.

चाकणच्या एका कंपनीत, तिथल्या कामगार बायांच्या पाळणाघरात, आम्ही अशीच पेटी बसवली. मोजणी झाली. तेवीस. दादा टॉर्च घेऊन सतरंजीवर गुडघे टेकून रांगू लागले. दाराशी कंपनीचे साहेब घड्याळ बघत उभे, पलीकडे मुलं रडत होती. मी दादांच्या पाठीमागे उरलेल्या तारेचं टोक कापलं, पट्टीवर चिकटवलं आणि म्हणालो, ‘‘परत मोजा बरं.’’

चोवीस भरले. दादा पट्टीकडे बघतच राहिले. ‘‘मघाशी तेवीस कसं झालं वो?’’

‘‘वय झालं, दादा,’’ मी हसून म्हणालो. हे मी म्हणालो. आजही माझा त्यावर विश्वास बसत नाही.

तिसऱ्या दिवशी फोन आला. सतरंजीवर रांगणाऱ्या एका मुलीच्या तळहातात काच घुसली होती. डॉक्टरांनी भिंग लावून ती काढली, मुलगी दोन दिवसांत खेळायला लागली. हात होता म्हणून निभावलं. डोळा असता तर?

फोनचं कळताच दादांनी त्याच दिवशी जोडणीचं मशीन माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ‘‘ज्याला चोवीस मोजता येत न्हाईत, त्यानं लेकरांच्यात जाऊ नये.’’ मी मान खाली घालून मशीन कपाटात ठेवलं. पुढे कळलं, ते एकामागून एक तीन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तिघांनीही डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं, आणि दादांनी तिघांनाही खोटं ठरवलं.

दोन महिन्यांनी मी काळेवाडीला त्यांच्या घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. थोबाडीत बसेल, या तयारीने गेलो होतो. दादांनी मग हळूच विचारलं, ‘‘म्हंजे तेवीसच हुते?’’

‘‘तेवीसच होते, दादा.’’

‘‘अगं, ऐकलंस का!’’ ते आत बायकोकडे बघून ओरडले. ‘‘माझी नजर शाबूत हाय!’’ आणि भर दुपारी, माझ्यासमोर, तो माणूस लहान मुलासारखा रडला. मला शिव्या घालायचं त्यांना सुचलंच नाही, आणि तेच मला सोसवेना.

दादा पुन्हा कामावर जातात, पण दुसऱ्या ठेकेदाराकडे. सणावाराला फोन करतात, माझ्या मुलांची चौकशी करतात. एकदा धीर करून मी म्हणालो, ‘‘दादा, एखादं काम करू की पुन्हा बरोबर.’’

‘‘करू की,’’ ते अगदी प्रेमाने म्हणाले. ‘‘पण तुमच्याकडं पाठ करून बसायला आता भ्या वाटतं, साहेब.’’