झिपरूभाऊची नाव आढ्याला लागली ती गोष्ट

अमळनेर आणि चोपड्याच्या मधून तापी वाहते. तिच्या काठच्या एका खेड्यात झिपरू भोई नाव चालवायचा. माणूस काटकुळा, रंगानं काळा कुळकुळीत, पण डोळा तराजूचा. बाई घाटावर उतरतानाच तिचं वजन त्याच्या ध्यानात यायचं. "अक्का, तू डाव्या अंगाला बस. आबा, तुम्ही मधोमध. आणि शेठ, तुम्ही एकटेच उजव्या बाजूला पुरे." शेठ म्हणजे किराणा दुकानदार कन्हैयालाल. ते फुरंगटायचे, पण बसायचे तिथंच.

ही हकीकत सदुसष्ट सालची. त्याआधी झिपरूकडे बापाच्या हातची नाव होती. पाणी उतरलं की दगड घालून ती डोहात बुडवून ठेवायची, हीच पिढ्यांची रीत. पाण्यात लाकूड तडकत नाही, वाळवी लागत नाही, आणि चोरालाही बुडी मारायला जिवावर येतं. पण केळीबागा वाढल्या, काठावर पाणी उपसणारी इंजिनं बसली आणि सहासष्टच्या उन्हाळ्यात डोह तळाला गेला. नाव पंधरा दिवस उघडी पडली. चैत्राचं खानदेशी ऊन ते, लोखंडही वाकेल. फळ्या अशा फाटल्या की आत मांजर शिरावं.

मग रतिलाल मिस्त्रीनं नवी नाव बांधली. सागाची, आठ मणांची, आठ माणसांना डोक्यावर उचलता उचलेना. ही गेली तर तिसरी होणं नव्हतं. झिपरूला नदी सोडून केळीच्या बागेत मजुरीला जावं लागलं असतं, आणि पल्याडच्या बाजाराला जाणारं अख्खं गाव सहा कोसांचा वळसा घेत बसलं असतं.

आता ठेवायची कुठं? डोहाचा भरवसा उरला नव्हता. जमिनीवर ठेवावी तर काळ्या मातीतली वाळवी तयारच. सावली म्हटली तर घराच्या अंगची गाडीखोली तेवढी होती, पण तिथं बैलगाडी उभी.

झिपरूची बायको द्रौपदाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली. "एक ते गाडी ठेवा, नही ते नाव ठेवा. दोन सवती एका खोलीमा नांदाव नहीत."

झिपरूनं मान वर केली. गाडीखोलीचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, भक्कम होतं. चार सागवानी खांब, वर हातभर जाडीचे दोन सर, म्हणजे आडव्या तुळया.

"खाली गाडी, वर नाव," तो म्हणाला.

कन्हैयालालशेठ समोरच्या ओट्यावरून हसले. "झिपरूभाऊ, यंदा आभायमा पूर येणार शे का?"

दुसरा म्हणाला, "अरे, आखाजी जवळ आली. द्रौपदाअक्काले झोका बांधी ऱ्हायना तो!"

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, झोके सगळ्यांच्या ओळखीचे; गाव हसलं. झिपरूही हसला. हसून झाल्यावर तो अभिमनकडे गेला.

अभिमन पाटील म्हणजे मोटेचा, बैलांनी विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पखालीचा, वस्ताद. त्याच्या विहिरीवर नुकताच विजेचा पंप बसला होता. मोटेची चाकं, नाडे म्हणजे जाड दोर, सगळं गोठ्यात धूळ खात पडलेलं. त्याची जोडी, बाणक्या आणि सारंग्या, हीसुद्धा आठ वर्षं मोट ओढून आता नुसती चरत होती. पंप आल्यापासून अभिमनचं मन कशात लागत नव्हतं. नाव ओढून वर चढवायची एवढं कानावर पडताच त्यानं पुढचं ऐकूनच घेतलं नाही, चाकं खांद्यावर टाकून निघाला.

रतिलालनं दोन्ही सरांना चाकं टांगली आणि चार खांबांना पुरुषभर उंचीच्याही वर ठोकळे ठोकले. बेत असा: नावेच्या दोन्ही टोकांना नाडे बांधायचे, चाकांवरून घेऊन पुढं एकत्र करायचे आणि बैलांच्या जुवाला जोडायचे. दारापुढची गल्ली नदीकडं उतरती, म्हणजे हुबेहूब मोटेची धाव, मोट ओढताना बैल उतरतात तो उतार. नाव ठोकळ्यांच्या वर गेली की खालून दोन जाड वासे सरकवायचे, नाव त्यांवर टेकवायची. खाली कडबा पसरला, आणि गाव गोळा झालं. आठ गडी मदतीला पुढं आले.

अभिमननं हाळी दिली. बैल उतारानं निघाले. चाकं कुरकुरली, नाव उचलली. गुडघा, कंबर, छाती! आठ गडी खाली शिरले, "हैय्या!" करत त्यांनी हातांनी नाव वर रेटली. आणि बैल थांबले. कान टवकारले, आणि शिस्तीत एकेक पाऊल मागं यायला लागले. गडी जीव घेऊन बाहेर पळाले. नाव धाडकन कडब्यावर!

"रेटा कमी पडना," कुणीतरी म्हणालं. दुसऱ्या खेपेला दहा गडी घुसले, त्यांनी दुप्पट जोरानं रेटलं. बैल दुप्पट वेगानं मागं आले.

रतिलालनं सांध्यांवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला. "झिपरूभाऊ, आजून एकदा आदळनी तर सांधा उकलतील. मंग माले सांगू नको."

अभिमननं रागानं बाणक्यावर चाबूक उगारला. झिपरूनं त्याचा हात वरच्या वर धरला. तो इतका वेळ नावेकडं नव्हे, बैलांकडंच बघत होता.

"त्याले काय मारस? तो चुकना नही, आपण चुकनूत! मोट रिकामी झाली की बैल काय करस?"

"मागं फिरस."

"त्याले कसं कळस, रिकामी झाली ते?"

अभिमननं चाबूक खाली टाकला. खांद्यावरचं ओझं हलकं झालं की बैलाला कळतं. आठ वर्षं त्याला हेच शिकवलं होतं. गडी रेटा देत होते, ओझं हलकं होत होतं, आणि बाणक्या-सारंग्या इमानानं मोट रिकामी झाली समजून परतत होते. मदत करणारेच नाव पाडत होते!

"आते कोणीबी हात लावू नका!" झिपरू गरजला. "बठ्ठा बाहेर!"

पण गावचे हात ते. चांगल्या कामाला आपोआप पुढं येतात. शेवटी झिपरूनं सगळ्यांना भिंतीला लावून हात पाठीमागं धरायला लावले. शाळेत पाढे चुकलेली पोरं उभी असावीत तसे दहा मिशाळ गडी उभे. त्या रांगेत कन्हैयालालशेठही! बघता बघता त्यांचेही हात पुढं आले होते, म्हणून द्रौपदाबाईनंच त्यांना नेऊन उभं केलं.

अभिमननं गळा मोकळा केला आणि पंप बसल्यापासून पहिल्यांदा मोटेवरचं गाणं म्हटलं. बैलांनी माना खाली घातल्या. नाव निघाली. कंबर, छाती, डोकं. भिंतीपाशी कुणीतरी "अरे लाव रे हात" म्हणून विव्हळलं. ठोकळे आले, ठोकळ्यांच्या वर वीतभर गेली. धावेच्या टोकाला मोट रिकामी होईपर्यंत बैल खांबासारखे उभे राहतात, तसेच ते उभे राहिले. शिडीवरून झिपरू आणि रतिलालनं पहिला वासा सरकवला, मग दुसरा.

"चालू दे मागं," झिपरू हळूच म्हणाला.

बैल पाऊलभर मागं आले. नाव वाशांवर टेकली. ओझं हलकं झालं आणि बाणक्या-सारंग्या, कुणी न सांगता, सावकाश परतत दारापर्यंत आले. नाव वर तशीच! धाब्यातून चिमूटभर मातीसुद्धा पडली नाही.

मग काय आरोळी उठली! दहा गड्यांचे हात सुटले ते थेट टोप्या उडवायला. द्रौपदाबाईनं बैलांना ओवाळलं, पुरणपोळी चारली, आणि मागून नवऱ्याला वाढली. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींनी अंगणातल्या निंबाला झोके बांधले, पण बघायला येणारा प्रत्येक जण आधी गाडीखोलीत जाऊन मान वर करायचा. पार एरंडोलहून पाहुणे आले.

आषाढात तापीला पाणी चढलं. त्याच जोडीनं नाव खाली उतरवली आणि घाटावर नेली. झिपरूनं ती पाण्यात लोटली, दोन्ही हात तळाला टेकवून बघितलं. कोरडं ठणठणीत. एकही सांधा उकलला नव्हता. काठावर गाव श्वास रोखून उभं होतं. त्यानं हात वर केला आणि पहिल्या खेपेला बारा माणसं चढली.

मध्यधारेला पोचतात तो शेठना शिंक आली. मग आबांना. मग साऱ्या नावेलाच. वर गेलेली नाव द्रौपदाबाईनं रिकामी ठेवली नव्हती, दोन महिने तिच्यात वाळल्या मिरच्या साठवल्या होत्या. बारा जण शिंकत, डोळे पुसत, हसत पल्याड उतरले, आणि एकाचंही पाऊल ओलं नव्हतं.